मे महिन्यात बोलिव्हिया: ला पाझला उतरून थेट चढाई जमेल का?

भूगोलवाला_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईला कॉलेजात भूगोल शिकवतो, बायको शाळेत शिक्षिका आहे. दोघांची सुट्टी जुळते ती मे महिन्यातच. इतकी वर्षं फळ्यावर अँडीजच्या दोन रांगा काढल्या, मधल्या जागेत ‘अल्टिप्लानो’ लिहिलं आणि पुढच्या धड्याला लागलो. आता ते पठार एकदा पायाखाली घालायचंच, असं ठरवलंय. माचू पिक्चूला सगळेच जातात, म्हणून पेरू सोडून शेजारचा बोलिव्हिया धरला.

बेत असा. मुंबईहून अदिस अबाबा, साओ पावलो करत ला पाझला उतरायचं. एक दिवस आराम. दुसऱ्या दिवशी, ज्याला मृत्यूचा रस्ता म्हणतात त्या युंगासच्या घाटातून सायकलनं खाली यायचं. मग लगेच वायना पोतोसी, ६,०८८ मीटरचं शिखर. नवख्यांनाही जमतं असं जिकडंतिकडं लिहिलेलं दिसतं. तिथून रात्रीच्या बसनं उयुनीचं मिठाचं मैदान, जीपनं तळी आणि ज्वालामुखी, शेवटी टिटिकाका सरोवर बघून परत. दोघंही धडधाकट आहोत, हिमालयातला केदारकंठा केलाय, रोज सकाळी मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत पायी जाणं-येणं असतं.

हा बेत पेलेल का, एवढं सांगा. बायको माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. तिची तिकडं उपासमार होईल का? मिठाच्या मैदानात आभाळाचं प्रतिबिंब पडतं, तसा फोटो तिला पाहिजे. तो मे महिन्यात मिळतो का? आणि लस, व्हिसा याचं कसं करायचं? इथल्या एका टूरवाल्याला विचारलं तर तो स्वित्झर्लंडचंच पॅकेज पुढं सरकवायलाय.

म्हैसमाळ_बरा

सर, आमच्या म्हैसमाळनं काय घोडं मारलंय? हजारेक मीटर उंची, डोकं दुखत नाही, गरम भजी मिळतात आणि संध्याकाळी माणूस आपल्या घरी. जाणकार बाकीचं सांगतीलच, मी वाचायला बसलोय.

परभणीकर_मावशी

सर, मी परभणीत मेडिकल चालवते. बहिणीची मुलगी साओ पावलोला नोकरीत आहे. तिच्या निमित्तानं आम्ही दोघी बहिणी तिकडं गेलो आणि तिला सोबत घेऊन बोलिव्हियात शिरलो. तुमचा बेत वाचला. ठिकाणं सगळी बरोबर निवडलीत, क्रम मात्र साफ उलटा लावलाय.

ला पाझचं विमानतळ शहरात नाही. ते वर एल आल्टोच्या पठारावर आहे, ४,०६० मीटरवर. म्हणजे विमानाच्या दारातून पाय बाहेर टाकला की तुम्ही केदारकंठाच्या माथ्याच्याही वर. केदारकंठाला तुम्ही चालत, मुक्काम करत गेला असाल, माथ्यावर फोटो काढून लगेच खाली आला असाल. इथं त्या उंचीच्या आसपास झोपायचंय. चढून जाण्यानं जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त तिथं रात्र काढल्यानं होतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथंच काढावा, हा साधा नियम आहे. धडधाकट असण्याचा आणि याचा काही संबंध नाही. उलट धडधाकट माणसंच पहिल्या दिवशी जिने चढून जातात आणि रात्री उलट्या करत बसतात.

म्हणून देशात खालच्या दारानं शिरा. सांताक्रूझ शहर चारशे मीटरवर आहे, आपल्या परभणीसारखंच, उकाड्यासकट. साओ पावलोहून तिथं उतरा आणि पुढच्या विमानानं सुक्रेला जा. सुक्रे साधारण २,८०० मीटरवर. कागदावर देशाची राजधानी तीच, सरकार बसतं ते ला पाझला. तिथं घाई न करता राहा. पांढऱ्या भिंतींचं, लाल कौलांचं, संथ शहर आहे. तुमच्यासाठी खास म्हणजे गावाबाहेर सिमेंटच्या खाणीत काल ओर्को नावाचा एक कडा आहे. त्यावर डायनासोरच्या पावलांचे पाच हजारांहून जास्त ठसे आहेत, सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. जनावरं चालली होती ओल्या सपाट चिखलावरून. पुढं अँडीज वर उचलला गेला तशी ती जमीनही उभी राहिली, आणि आता ठसे भिंतीवर चढत गेल्यासारखे दिसतात. तुमच्या फळ्यावरच्या दोन रांगांचा एवढा रोकडा पुरावा मी तरी दुसरा बघितला नाही.

सुक्रेहून बसनं पोतोसी, तीनेक तास. हे गाव चार हजारांच्या वर आहे, तेव्हा तिथं दिवसा थांबा, झोपू नका. १५४५ मध्ये शेजारच्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली आणि स्पेनच्या राज्याला तिनं पोसलं. जुनी टाकसाळ आता म्युझियम आहे, ती चुकवू नका. दोन मजली लाकडी यंत्रं आहेत: खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची आणि वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या लाटल्या जायच्या. खाणीत पर्यटकांना नेतात, कोकाची पानं आणि सुरुंगाची कांडी मजुरांना भेट म्हणून घेऊन जायची पद्धत आहे. भाची गेली, आम्ही दोघी नाही गेलो. धुळीनं फुप्फुसं जाऊन माणसं तरणीताठी मरतात तिथं, तिकीट काढून बघायला मला जमलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

पोतोसीहून उयुनी चारेक तास. उयुनी गाव ३,६५०च्या आसपास आहे. सुक्रेपासून ही उडी नियमात पुरती बसत नाही, म्हणूनच सुक्रेत जास्त थांबायचं आणि उयुनीत पोहोचल्यावर एक दिवस नुसतं लोळायचं. मग जीप. जीपच्या दुसऱ्या रात्रीचा मुक्काम बहुतेक लाल तळ्याजवळ, लागुना कोलोरादापाशी असतो, ४,३०० मीटरच्या आसपास. ती रात्र काढली की पहाटे सोल दे मान्यानाला नेतात, तिथं जमिनीतून वाफेचे फवारे उठत असतात, उंची ४,८००च्या वर. तिथं अंधारात दोन पावलं टाकली तरी छाती भरून येते, आणि भोवती उकळता चिखल असतो. ड्रायव्हर सांगेल तिथूनच चाला. एवढं सगळं अंगात मुरवून शेवटी ला पाझला गेलात की ते ३,६४० मीटर खाली उतरल्यासारखे वाटतील. सायकल, शिखर, जे काय करायचं ते तेव्हा करा.

आता औषधाचं. अ‍ॅसिटाझोलामाईड, म्हणजे आपल्याकडं डायमॉक्स नावानं मिळते ती गोळी. चढायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ असं बहुतेक डॉक्टर सांगतात, पण आपल्या डॉक्टरला विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तोंडानं आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची बाटली बेचव लागते. यात घाबरण्यासारखं काही नाही. शक्य तर इथंच एखादा दिवस घेऊन बघा. तिकडच्या मेडिकलमध्ये ‘सोरोची पिल्स’ म्हणून गोळ्या सर्रास मिळतात. मी पाकीट उलटं करून वाचलं: मुख्यतः अ‍ॅस्पिरिन आणि कॅफिन. डोकं थांबेल, शरीर उंचीला सरावणार नाही. पित्ताचा किंवा रक्त पातळ करायच्या गोळीचा माणूस असेल तर त्यानं त्या नादी लागूच नये. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सकाळी ठेवलेलाच असतो, प्या, बरा वाटतो. पण पानं सामानात घालून भारतात आणायची नाहीत. तिथं ती कायदेशीर आहेत, आपल्याकडं नाहीत. आणि बसल्या जागी दम लागला, खोकला थांबेना, चालताना झोक जायला लागला तर गोळी-बिळी काही नाही, त्याच वेळी खाली उतरायचं. रात्र असली तरी.

फोटोचं स्पष्ट सांगते. आरशासारखं पाणी उयुनीत साचतं ते पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च. मे महिन्यात मैदान कोरडं पडत आलेलं असतं. कुठं एखाद्या कडेला पाणी राहिलं असेल तर ड्रायव्हर नेतात, पण त्यावर भरवसा ठेवून जाऊ नका. वहिनींना हे आत्ताच सांगून टाका, विमानात नको. बदल्यात जे मिळतं ते मला जास्त आवडलं. दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर नुसतं पांढरं मीठ, त्यावर षटकोनी फरशा पडलेल्या, प्रत्येकीच्या कडा बोटभर उचललेल्या. बुटाखाली करकर आवाज येतो. मधे इंकावासी नावाचं खडकाळ बेट आहे, त्यावर माणसापेक्षा कितीतरी उंच निवडुंग. पाणी भरलेलं असलं की जीप त्या बेटापर्यंत जातच नाही, म्हणजे आरसा आणि बेट दोन्ही एका वेळी क्वचितच पदरात पडतं.

मैदानाच्या काठावर कोल्चानी म्हणून गाव आहे, जीप तिथं थांबवतात. बाकीचे लोकरीच्या टोप्या घेत होते, मी एका घराच्या पडवीत जाऊन उभी राहिले. एक बाई जमिनीवर बसलेली, समोर वाळवून दळलेल्या मिठाचा ढीग. आयोडीन त्यात आधीच कालवलेलं. ओंजळीनं पिशवी भरायची, तोंड दुमडायचं आणि गॅसच्या बारीक ज्योतीवरून एकदाच सर्रकन फिरवायचं, पिशवी बंद. हात एकदाही पोळत नव्हता. मी दुकानात पुड्या बांधत मोठी झाले, मला तिथून हलवेना. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

थंडीला मात्र हसू नका. मेच्या अखेरीस तिथं रात्री शून्याखाली दहा-पंधरा सहज जातं, मुक्कामाच्या खोल्यांना हीटर नसतो, आणि आपल्याकडं घरात स्वेटर म्हणजे डिसेंबरात पंधरा दिवस घालायची चीज. थर्मल दोन जोड घ्या, स्लीपिंग बॅग उयुनीत भाड्यानं मिळते ती घ्याच, मोबाईलची बॅटरी रात्री अंथरुणात घेऊन झोपा. ऊन त्याहून वाईट. मिठावरून परत उसळून नाकाच्या खालून, हनुवटीखालून भाजतं. चांगला काळा चष्मा आणि ओठांना लावायचं मलम विसरू नका.

जेवणाचं सांगायचं तर उपासमार होणार नाही, कंटाळा येईल. मांस नको म्हटलं की कोंबडी आणतात, म्हणून कोंबडी, मासा, अंडं सगळ्यांची नावं घेऊन नाही म्हणायचं. कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून जवळ ठेवा. सूप शाकाहारी दिसतं पण हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, माळकऱ्यांनी विचारल्याशिवाय चमचा लावू नये. शेंगदाण्याचं सूप तिथं घरोघर करतात, आणि का करणार नाहीत, भुईमूग मुळात त्याच बाजूचा, दक्षिण बोलिव्हिया आणि लगतच्या अर्जेंटिनातला. मी पिशवीत लातूरची शेंगाची चटणी घेऊन गेले होते, भुईमुगाच्या माहेरी. बटाट्याच्या जाती मोजता येणार नाहीत इतक्या. एक चुन्यो म्हणून काळा, सुकट बटाटा असतो: रात्रीच्या हिवात गोठवायचा, दिवसा पायानं तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचा, वर्षानुवर्षं टिकतो. चव मातीसारखी, मला नाही आवडला. ल्याख्वा मात्र वहिनींना नक्की चालेल. लोकोतो मिरची आणि टोमॅटो दगडावर वाटतात, आपल्या ठेच्याची सख्खी बहीण. किन्वा आणि मका जागोजाग. सकाळी आपी म्हणून जांभळ्या मक्याचं गरम, दाट पेय मिळतं, थंडीत फार बरं वाटतं. घरून धपाटे, मेतकूट, भाजलेली डाळ न्या. जिथं स्वतः शिजवाल तिथं एक लक्षात ठेवा: ला पाझला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही.

ला पाझला राहायचं असेल तर खालच्या भागात, सोना सुरमध्ये खोली बघा. मधल्या शहरापेक्षा काहीशे मीटर खाली आहे, झोप बरी लागते. त्या शहरात पैसेवाले खाली राहतात आणि गरीब वर, थंडीवाऱ्यात. फिरायला टॅक्सी नको, तेलेफेरिको घ्या. २०१४ पासून ही रोपवे शहराची लोकलगाडीच आहे. लाल लाईननं जुन्या रेल्वे स्टेशनपासून एल आल्टोला चढा. पाळणा कबरस्तानावरून जातो. कबरी जमिनीत नाहीत, भिंतीत कप्पे एकावर एक आणि प्रत्येकाला काचेचं दार, आत फुलं, कुठं शीतपेयाची छोटी बाटली. समोर एक आजी बसल्या होत्या, गोल टोपी, घेरदार परकर. त्यांनी पाळणा तिथं आल्यावर बोटांनी छातीवर क्रूस काढला आणि परत मोबाईल बघायला लागल्या. गुरुवारी नाहीतर रविवारी गेलात तर वर मोठा बाजार भरलेला असतो.

टिटिकाकाचं थोडक्यात: कोपाकाबानाला जाताना तिकिना इथं रस्ता संपतो. प्रवासी छोट्या होडीतून पार आणि बस लाकडी तराफ्यावर चढवून वेगळी पार. बस पाण्यावर डुलताना बघायला मजा येते, आपलं सामान तिच्यात असलं तरी.

एस्टीवाला_उदगीर

मावशी, मी काई तिकडं गेलेलो नाही आन जायचाबी नाही, पण उभी नोकरी एस्टीच्या स्टेअरिंगवर गेली, म्हणून त्या घाटाचं वाचूलालो. माझ्या पोरानं व्हिडिओ दाखवला. त्या देशात गाड्या उजवीकडून चालतात, पण त्या एका रस्त्यावर डावीकडून चालवायचा नियम आहे म्हणे. लोक खाली लिहूलाले की हे उलटं कामून. उलटं नाही, डोक्याचं काम आहे ते. तिकडं स्टेअरिंग डाव्या हाताला. डावीकडून उतरलं की ड्रायव्हर दरीच्या अंगाला बसतो, मुंडकं बाहेर काढलं की पुढचं चाक कडेपासून किती बोटं आत हाय ते डोळ्यानं दिसतं. चढणारा डोंगराच्या अंगाला राहतो. आन उतरणाऱ्यानं थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. घाटात बहुतेक ठिकाणी हाच कायदा.

सरांना एकच सांगणं. आमी घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवतो, ब्रेकवर नाही. सायकलीला इंजिन नाही, सगळा भार ब्रेकवर. तेव्हा निघायच्या आदी दोन्ही ब्रेक आपल्या हातानं दाबून बघा, दुसऱ्यानं सांगितलेलं खरं धरू नका. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. हाताची बोटं आखडली की थांबायचं, लाज नाही धरायची.

परभणीकर_मावशी

दादा, अगदी असंच आहे. भाची सायकलवर होती, आम्ही दोघी मागच्या गाडीत. ला कुंब्रे खिंडीतून सुरुवात, ४,६५०च्या वर, तिथं कानटोपी, हातमोजे. खाली पोहोचेपर्यंत १,२०० मीटर, केळीच्या बागा आणि घाम. साठेक किलोमीटर. तो रस्ता १९३०च्या दशकात, पाराग्वेशी लढाई चालू होती तेव्हा, तिकडच्या युद्धकैद्यांकडून खोदून घेतला. २००६ मध्ये नवा रस्ता झाल्यापासून ट्रक, बस सगळं तिकडून जातं, जुन्यावर मुख्यतः सायकलीच. त्यामुळं समोरून ट्रक येण्याची भीती उरली नाही, पण कडा तीच आहे, कठडा नाही, आणि वरून झरे रस्त्यावर पडतात. जागोजाग क्रूस रोवलेले. आमच्या गटातला एक पोरगा सारखा पुढं पळायचा; गाईडनं त्याची सायकल काढून घेऊन त्याला आमच्याजवळ आणून बसवला. मला तो गाईड फार आवडला.

दोर_आणि_बूट

छत्रपती संभाजीनगरचा आहे, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलाय. सर, वायना पोतोसीबद्दल बोलतो, कारण ‘नवख्यांना जमतं’ या वाक्यानं बऱ्याच जणांची फसगत होते. तंत्राच्या दृष्टीनं ते सहा हजारांतलं सोपं शिखर आहे हे खरं. पण सोपं म्हणजे चढायची कला कमी लागते. हवा तेवढीच विरळ. साधारण कार्यक्रम असा: ४,७००च्या तळावर पोहोचून हिमनदीवर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) यांचा सराव, मग ५,१००च्या वरच्या कॅम्पवर नुसतं पडून राहणं, झोप कुणालाच लागत नाही, आणि मध्यरात्रीनंतर डोक्याला टॉर्च लावून निघणं. दोन जणांमागे एक गाईड, तिघं एका दोरात. एकाला मळमळलं तर दोघं परततात, हे नवरा-बायकोनं आधीच बोलून ठेवलेलं बरं. शेवटचा टप्पा अरुंद धारेचा आहे, दोन्हीकडं उतार. सूर्य वर आला की बर्फ मऊ पडतो, म्हणून गाईड ठरलेल्या वेळेला परत फिरवतात, शिखर हाताशी दिसत असलं तरी. अशा गाईडशी वाद घालू नका.

मावशींच्या क्रमानं गेलात आणि आधीची सगळी उंची नीट पचली, तरच याचा विचार करा. नाहीतर ला पाझजवळच कोंदोरिरी भागात पिको ऑस्ट्रिया म्हणून शिखर आहे, ५,३०० मीटरच्या आसपास. दोर लागत नाही, चालत जाता येतं, आणि समोर हिमनद्यांची सगळी रांग. भूगोलवाल्याला याहून काय पाहिजे. वहिनींना उतरायला आवडत असेल तर एल चोरो बघा, ला कुंब्रेपासूनच निघते. इंकांच्या काळातली फरसबंदी वाट, बर्फाच्या खिंडीतून थेट जंगलात. गुडघ्यांची मात्र परीक्षा.

आणि चाकालतायाला जाऊन या, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. एके काळी जगातलं सगळ्यात उंच स्कीइंगचं ठिकाण होतं ते, ५,३०० मीटरच्या वर. २००९ मध्ये तिथली हिमनदी संपली. आता झोपडी आहे, लिफ्टचं सामान आहे, बर्फ नाही.

विमा काढताना किती मीटरपर्यंत लागू आहे ते बारीक अक्षरातलं वाचा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वर आणि दोर वापरून केलेल्या चढाईला काहीच मिळत नाही.

जाता जाता: २०१९ मध्ये ला पाझ-एल आल्टोकडच्या आयमारा या मूळनिवासी समाजातल्या बायकांनी घेरदार परकर नेसून अकोंकाग्वा सर केला, अमेरिका खंडांतलं सगळ्यात उंच शिखर. त्यातल्या काही जणी आधी याच वायना पोतोसीच्या कॅम्पवर स्वयंपाक करायच्या. म्हैसमाळवाले, वाचताय ना?

म्हैसमाळ_बरा

वाचतोय. भज्यांचा घास हातातच राहिला.

भूगोलवाला_अंबाजोगाई

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मावशींचे. रात्री बायकोसमोर सगळं वाचून दाखवलं. आरशाच्या फोटोचं ऐकून ती थोडी हिरमुसली, पण मिठाच्या पिशव्या बंद करणाऱ्या बाईचं ऐकून म्हणाली, आधी तिथं जायचं. बेत फिरवला: सांताक्रूझ, सुक्रे, पोतोसी उभ्या उभ्या, उयुनी, मग ला पाझ. वायना पोतोसी काढून पिको ऑस्ट्रिया घातला. चाकालतायाचं वाचून मला पूपो सरोवर आठवलं. त्याच पठारावर, ज्या खोऱ्यातून पाणी समुद्राला जातच नाही त्या खोऱ्यात, नकाशात ठळक निळं दाखवतात. २०१५ अखेरीस ते कोरडं पडलं. आमच्या पुस्तकांत अजून निळंच आहे. वाटेत दिसेल तेवढं बघणार.

सायकलबद्दल बायको म्हणते, ती मावशींसारखी मागच्या गाडीत बसेल. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याचं काय करू? आणि लसीचं, व्हिसाचं राहिलं.

परभणीकर_मावशी

रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही, पण कुठली आहे ते बघितल्याशिवाय डायमॉक्स तिच्यासोबत द्यायची की नाही हे मीच काय कुणीही इथं सांगू नये. दोघीही लघवी वाढवणाऱ्या निघाल्या तर पोटॅशियमचा घोळ होतो. गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन फिजिशियनकडं जा, प्रवासाची उंची कागदावर लिहून न्या, नुसतं ‘बोलिव्हिया’ म्हटलं तर डॉक्टरांना काय कळणार. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, हातातल्या पिशवीत आणि मोठ्या बॅगेत, मूळ पट्टीतच, डबीत काढून नाही. सोबत प्रिस्क्रिप्शन.

व्हिसाला बोलिव्हियाचा दूतावास दिल्लीत आहे, नियम बदलत राहतात, तेव्हा थेट त्यांनाच विचारा, कुठल्या जुन्या ब्लॉगवर जाऊ नका. आणि तिकीट एकसंध घ्या. साओ पावलोला वेगळं तिकीट काढलंत तर सामान घ्यायला बाहेर यावं लागेल, म्हणजे ब्राझीलचाही व्हिसा लागला. रोख म्हणून डॉलर न्या, कोऱ्या नोटा, घडी किंवा शाईचा डाग असला की तिकडं हातात घेत नाहीत. तिथं रस्ते अडवण्याची आंदोलनं वरचेवर होतात, बसेस दिवसच्या दिवस अडकतात. म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि शेवटचा मुक्काम विमानतळ असलेल्याच शहरात.

पिवळ्या तापाची लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात नाही. मुंबईला जायच्या कामाला जोडून घ्या, आधी नंबर लावावा लागतो. पोहोचायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली पाहिजे, तीच पुढं आयुष्यभर चालते. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तिथं आधी सांगायचं. नुसतं खात नसल्यानं काही बिघडत नाही, वहिनींना तेवढं समजावून ठेवा. बोलिव्हिया आणि ब्राझील दोन्ही पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहेत, तेव्हा प्रमाणपत्राशिवाय परत आलात तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लसीच्या केंद्रावर मिळणारं पिवळं पुस्तक हेच ते प्रमाणपत्र, त्यावर पासपोर्टचा नंबर नीट लिहिलाय का तिथल्या तिथं तपासा आणि पासपोर्टलाच रबर लावून ठेवा. मोबाईलमधला फोटो चालत नाही.